संगणकाचा परवाना

वाशिम जिल्ह्यात मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस येतो, तो बहुधा विजांना सोबत घेऊनच येतो. सोयाबीनच्या पेरणीसाठी वखरून ठेवलेल्या रानावर पहिला शिडकावा होतो, मातीचा वास सुटतो, आणि त्याच वेळी गावातील दिवे दोन-चारदा लुकलुकून नाहीसे होतात. अशा वेळी संगणकाची वायर भिंतीवरील सॉकेटमधून काढून ठेवावी, हे पुष्कळ घरांत ठाऊक असते. पण दर खेपेला ते आठवतेच असे नाही.

मंगरूळपीर तालुक्यातील अशाच एका घराची कल्पना करावी. घरी थोरली मुलगी बारावीची परीक्षा देऊन पुढील प्रवेशाच्या खटपटीत आहे. धाकटा भाऊ सातवीत गेला आहे. तीन वर्षांपूर्वी तुरीचे पैसे हाती आले, तेव्हा वडिलांनी सुटे भाग जुळवून तयार केलेला एक संगणक विकत घेतला. त्या संगणकावर मुलीने आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. आजी गेल्या वर्षी निवर्तली. तिचा आवाज आता त्या यंत्रातच तेवढा उरला आहे.

एका संध्याकाळी वीज कडाडली आणि संगणक बंद पडला. वाशिमच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला, तेव्हा त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सर्व भागांना जोडणारी मुख्य पाटी, जळालेली आढळली. माहिती साठविणारी हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. नवी पाटी महाग पडेल म्हणून त्याने वापरलेली, पण चालू स्थितीतील पाटी बसवून दिली. घरी आणल्यावर संगणक सुरू झाला. ओव्याही ऐकू आल्या. सर्वांना हायसे वाटले. परंतु पडद्याच्या उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पूर्वी कधी नसलेली एक फिकट ओळ उमटली होती: 'ॲक्टिव्हेट विंडोज'. ती पुसता येईना की झाकता येईना. दुरुस्तीवाल्याला दूरध्वनी केला, तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "ताई, काळजी करू नका. घेऊन या, फॉरमॅट मारून दुसरी विंडोज टाकून देतो. तीनशे रुपये होतील, पण ती ओळ पुन्हा दिसायची नाही."

फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कच्या त्या भागावरील सारे पुसून टाकणे. ओव्या त्याच भागावर होत्या. मुलीच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहिला, की ही ओळ म्हणजे नेमके काय, आणि ती घालविण्यासाठी एवढी किंमत खरोखरच द्यावी लागते काय?

संगणकाच्या यंत्रभागाला स्वतःची बुद्धी नसते. कळफलकावरील कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर काय दाखवावयाचे, माहिती डिस्कवर कोठे ठेवावयाची, ही सर्व व्यवस्था पाहणारी आज्ञांची एक मोठी मालिका त्यात भरलेली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची 'विंडोज' ही घरगुती संगणकांवर सर्वांत अधिक आढळणारी ऑपरेटिंग सिस्टिम होय.

आता विंडोज विकत घेतली असे आपण म्हणतो, तेव्हा खरोखर काय विकत घेतलेले असते? खुर्ची विकत घेतली की ती आपल्या मालकीची होते. ती विकावी, मोडावी, शेजाऱ्याला द्यावी; सुतार विचारावयास येत नाही. विंडोजचे तसे नाही. तेथे विकत मिळते ती वापरण्याची परवानगी. मालकी कंपनीकडेच राहते. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा या मालकीचे रक्षण करतो. हा कायदा झाला तेव्हा संगणक म्हणजे देशातील अगदी मोजक्या संस्थांनाच ठाऊक असलेली वस्तू होती. पुढे १९८४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश 'साहित्यकृतीं'मध्ये करण्यात आला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कविता, कादंबरी आणि विंडोज एकाच पंक्तीला बसतात! मराठीच्या पुस्तकाला हा शेजार काहीसा नवलाचा वाटेल. पण प्रोग्रॅम हाही कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला मजकूरच असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे नवल उरत नाही.

परवानगी ज्या गोष्टीला बांधलेली असते, तिच्यापुरतीच ती चालते. एस. टी. च्या विद्यार्थी-पासावर नाव असते, गाव असते, शाळेचा मार्ग असतो. रिसोडच्या मुलाचा पास घेऊन कारंज्याच्या मुलाला प्रवास करता येत नाही. ही रीत आजची नव्हे. वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्या शाखेतील राजा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात दिलेला एक ताम्रपट वाशिमला सापडला आहे. त्यातील मजकूर काही संस्कृतात, तर काही प्राकृतात आहे. कोणते गाव, कोणाला आणि कोणत्या सवलतींसह दिले, हे त्यात स्पष्ट कोरलेले आहे. तो पत्रा हाती आला म्हणून कोणाला दुसऱ्याच गावावर हक्क सांगता आला नसता.

संगणकाच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. प्रोग्रॅमची नक्कल करण्यास काहीच कष्ट पडत नाहीत, आणि ती नक्कल मुळाइतकीच उत्तम चालते. एकाने विकत घेतलेली तबकडी वीस घरांत फिरत असे. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणलेल्या 'विंडोज एक्सपी'बरोबर घरगुती ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशनची पद्धत सुरू केली. परवाना आणि यंत्र यांची गाठ मारून तिची नोंद कंपनीच्या दप्तरी करावयाची, हा या पद्धतीचा गाभा.

ही गाठ कशी मारली जाते, ते पाहण्यासारखे आहे. ग्राहकाला पंचवीस चिन्हांची एक 'प्रॉडक्ट की', म्हणजे किल्ली, मिळते. पाच-पाच चिन्हांचे पाच गट असतात. त्यांत इंग्रजी अक्षरे व आकडे दोन्ही असतात. परंतु सर्वच नव्हेत. एक्सपीच्या काळात केवळ २४ चिन्हे वापरीत. इंग्रजी स्वर त्यांत नसत. शून्य, एक आणि पाच हे आकडेही नसत. त्यामुळे शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांचा घोटाळा होण्याची भीतीच राहिली नाही. विंडोज ८ पासून एन हे एक अक्षर त्यांत वाढले. चोवीस चिन्हांतून पंचवीस जागा भरावयाच्या, तर किती निरनिराळ्या रचना होतील? उत्तर पस्तीस अंकी येते. त्यांतील फारच थोड्या रचना खऱ्या किल्ल्या असतात. म्हणून मनाला येतील ती अक्षरे जुळवून कुलूप उघडत नाही.

किल्ली खरी ठरली, की संगणक स्वतःच्या भागांकडे वळतो. एक्सपी दहा गोष्टी पाहत असे: डिस्क कोणती, प्रोसेसर कोणत्या जातीचा, स्मृती किती, जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा क्रमांक काय, इत्यादी. या साऱ्यांचे गणिताने पीठ दळून एक लहानसा अंक तयार केला जातो. पीठ हा शब्द येथे नेमका लागू पडतो. जात्यातून निघालेल्या पिठावरून दाणे पुन्हा जुळविता येत नाहीत. त्याचप्रमाणे त्या अंकावरून घरात कोणती डिस्क किंवा कोणते कार्ड आहे, हे उलगडता येत नाही. मात्र तेच दाणे पुन्हा दळले तर पीठ तेच निघते, आणि दाणे बदलले तर निराळे. कंपनीला एवढेच हवे असते.

हा अंक इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तेथून होकार आला की परवाना पक्का होतो. ज्यांच्याकडे त्या काळी इंटरनेट नव्हते, त्यांच्यासाठी दूरध्वनीची सोय होती. पडद्यावर दिसणारे पन्नास आकडे एकामागून एक वाचून दाखवावयाचे, आणि पलीकडून सांगितलेले बेचाळीस आकडे उतरून घेऊन संगणकात भरावयाचे. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. हे काम करणाऱ्यांच्या चिकाटीचे कौतुकच करावयास हवे.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली, आणि तिच्याबरोबर किल्लीविना चालणारा 'डिजिटल परवाना'ही आला. एकदा नोंद झाली, की विंडोज पुसून पुन्हा भरली तरी त्याच यंत्रावर किल्ली मागितली जात नाही; कंपनीचे दप्तर त्या यंत्राला ओळखते. मात्र ही ओळख मुख्यतः मदरबोर्डावर अवलंबून असते. स्मृती वाढविली, पंखा बदलला, नवा कळफलक जोडला, तर बहुधा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की दप्तराच्या दृष्टीने ते यंत्रच निराळे झाले. मंगरूळपीरच्या त्या घरी घडले ते हेच. कोणी चोरी केली नव्हती, कोणाची चूकही नव्हती. कंपनीला परका वाटणारा एक संगणक जुना परवाना दाखवीत होता, इतकेच.

त्या ओळीने घाबरून जाण्याचेही कारण नव्हते. विंडोज व्हिस्टाच्या प्रारंभीच्या काळात मुदत टळली की संगणकाचा वापर जवळजवळ थांबविला जाई. ती कठोर रीत २००८ साली सोडून देण्यात आली. आता परवाना पक्का नसेल तर कोपऱ्यात ओळ दिसते, आणि पडद्याचे चित्र व रंग बदलण्याची सोय बंद होते. साठविलेल्या माहितीला धक्का लागत नाही.

परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येईल की नाही, हे तो कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. आणि नेमके येथेच बहुतेकांची फसगत होते. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या लॅपटॉपबरोबर मिळणारा परवाना त्या यंत्रालाच जन्माचा बांधलेला असतो. विंडोज ८ च्या काळापासून त्याची किल्ली मदरबोर्डावरील एका कायम स्मृतीतच कोरलेली असते. पाटी गेली की किल्लीही गेली. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेला किरकोळ परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो; तो एका वेळी एकाच यंत्रावर चालतो. तिसरा प्रकार मोठ्या कचेऱ्यांचा. तेथे कचेरीतील एक मुख्य संगणक इतरांना परवाना वाटून देतो. किमान पंचवीस संगणक असल्याखेरीज ही वाटणी सुरू होत नाही, आणि वाटलेला परवाना १८० दिवसांच्या आत नवा करून घ्यावा लागतो. इंटरनेटवर शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्या पुष्कळदा अशाच कुठल्या तरी संस्थेच्या समूहाच्या असतात. त्या आज चालतात. काही महिन्यांनी कोपऱ्यातील ओळ परत येते, आणि विकणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

दुरुस्तीवाल्याने सुचविलेला उपाय याहून वाईट होता. 'क्रॅक' या नावाने ओळखला जाणारा एखादा चोरटा प्रोग्रॅम संगणकात सोडला, की तो तेथेच कचेरीच्या मुख्य संगणकाचे सोंग घेऊन उभा राहतो आणि विंडोजला खोटा होकार देतो. तो बसविताना विषाणूंपासून रक्षण करणारी व्यवस्था बंद करावी लागते. घराचे दार उघडे टाकून अनोळखी माणसाला आत घेण्यासारखेच हे आहे. तो आत येऊन आणखी काय करील, हे सांगता येत नाही. शिवाय असे प्रोग्रॅम वापरणारे पुष्कळजण पकडले जाऊ या भीतीने विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्त्याही बंद ठेवतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक काही दिवसांत जखडून टाकले. भारतातील संगणकही त्यांत होते. त्याला अडविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांची छायाचित्रे, हिशेब आणि पत्रे कुलपात गेली. कायद्याची बाजूही आहेच: बेकायदा नक्कल आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

असे असले, तरी प्रत्येक वेळी दोष ग्राहकाचाच असतो असे मात्र नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी जगातील अनेकांच्या रीतसर घेतलेल्या विंडोज १० प्रो अचानक परवाना नाही म्हणून तक्रार करू लागल्या. बिघाड कंपनीच्या स्वतःच्या संगणकांत झाला होता, आणि तो तिनेच दुरुस्त केला. त्या दिवशी ज्यांनी घाईने फॉरमॅट मारला, त्यांनी आपली माहिती विनाकारण गमावली. जे एखादा दिवस थांबले, त्यांची ओळ आपोआप गेली. आणखी एक गोंधळ तारखांचा होतो. विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, म्हणून आपला परवानाच रद्द झाला, असे काहींना वाटले. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. परवाना राहतो, संरक्षण कमी होते.

आता त्या घराकडे परत यावे. मुलीने सर्वांत प्रथम ओव्यांच्या सर्व ध्वनिफिती एका पेन ड्राइव्हवर उतरविल्या, आणि त्याची आणखी एक प्रत मावशीच्या लॅपटॉपवर ठेवली. त्यानंतरच तिने परवान्याला हात घातला. वडिलांच्या जुन्या पावत्यांच्या पिशवीत, खतांच्या बिलांखाली, संगणकाबरोबर आलेले एक कार्ड सापडले. त्यावर किल्ली छापलेली होती. कार्ड स्वतंत्र पेटीतून आलेले, म्हणजे परवाना किरकोळ विक्रीचा होता. लॅपटॉपसारखा बांधील परवाना असता, तर तो जुन्या पाटीबरोबरच संपला असता आणि नवा विकत घ्यावा लागला असता.

सेटिंग्जमधील 'ॲक्टिव्हेशन'च्या पानावर जाऊन भावाने किल्ली भरली. उत्तर आले, की सेवेशी संपर्क होऊ शकत नाही. इंटरनेट तर चालू होते! ताईने बारकाईने पाहिले, तेव्हा पडद्यावरील तारीख कित्येक वर्षे मागची दिसली. वापरलेल्या मदरबोर्डावरील बोराएवढी बॅटरी संपली होती. संगणक बंद असताना घड्याळ चालते ते या बॅटरीवर. तारखेचा आणि परवान्याचा काय संबंध, अशी शंका कोणालाही येईल. इंटरनेटवर दोन संगणक बोलू लागण्यापूर्वी पलीकडचा आपले ओळखपत्र दाखवितो, आणि त्या ओळखपत्रावर 'अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत' अशी मुदत असते. ज्याचे घड्याळ मागे आहे, त्याला हे ओळखपत्र अद्याप सुरूच झालेले नाही असे वाटते. म्हणून तो दार लावून घेतो. घड्याळ बरोबर केल्यावर संपर्क झाला.

तरीही किल्ली चुकीची असल्याचा निरोप आला. कार्ड दमट जागी राहून काही अक्षरे पुसट झाली होती. शून्य आणि ओ यांचा घोटाळा टाळणाऱ्यांनाही इंग्रजी बी आणि आकडा आठ यांचे साम्य टाळता आलेले नाही. तिसऱ्या गटातील जे चिन्ह भावाने बी म्हणून भरले होते, तेथे ताईने आठ भरला. क्षणभर पडद्यावर ठिपके गोल फिरत राहिले. मग परवाना पक्का झाल्याचा निरोप आला आणि कोपऱ्यातील ओळ नाहीशी झाली.

कार्ड सापडले नसते तर? ज्याने आपला परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवला आहे, त्याला २०१६ पासून आणखी एक वाट मोकळी आहे. त्याच पानावरील दोष-निवारणाची कळ दाबून 'या यंत्राचे भाग नुकतेच बदलले आहेत' असे कळविले, की खात्यातील जुन्या यंत्राची नोंद नव्याला देता येते. या घरी असे खाते पूर्वी उघडलेले नव्हते. तोही मार्ग खुंटला असता, तर नवा परवाना घेणे किंवा दुसऱ्या प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणे एवढेच उरले असते. लिनक्स या कुळातील अशा प्रणालींचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. त्यांनाही परवाना असतो, परंतु तो नक्कल करण्यास, वाटण्यास आणि बदलण्यास उघड मुभा देतो. तेथे किल्लीही नसते आणि कोपऱ्यातील ओळही नसते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने २००७ साली याच पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली तयार केली. तीत मराठीची सोय आहे. विंडोजसाठी लिहिलेले काही प्रोग्रॅम तीवर सरळ चालत नाहीत, ही तिची मर्यादा.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी वाशिमहून येताना नवी बॅटरी आणली. भावाने ती बसविण्यापूर्वी संगणकाची वायर सॉकेटमधून काढली. ताईने किल्लीची पंचवीस चिन्हे शेतीच्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिली, आणि तिसऱ्या गटातील आठाभोवती लाल वर्तुळ काढून ठेवले.